'परफेक्ट' सिनेमा कशाला म्हणायचं? आणि जुने क्लासिक आज टिकतात का?

झरोका (धागाकर्ता)

वाचनालयाच्या चित्रपट मंडळासाठी चार सिनेमे निवडायचे आहेत. प्रेक्षक बहुतेक विशी-पंचविशीतले. आत्ताची यादी अशी: 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७), कुरोसावाचा 'सेव्हन सामुराय' (१९५४) आणि सिडनी ल्युमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७).

मंडळात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, चारही निर्दोष आहेत, चर्चाच नको. दुसरा म्हणतो, क्लासिकचा शिक्का एकदा बसला की पुन्हा कुणी तपासून बघत नाही, आजची मुलं वीस मिनिटांत मोबाइल बाहेर काढतील.

सिनेमा परफेक्ट आहे हे ठरवायला, आवडनिवड बाजूला ठेवून, हातात धरता येईल असं काही माप आहे का? आणि जुना सिनेमा आजच्या प्रेक्षकांसमोर पडतो तेव्हा नेमकं काय पडतं? गोष्ट, अभिनय, वेग, की आपण लावतो ती प्रतच खराब असते?

सातवं रीळ

माप आहे. एखादा प्रसंग मनातल्या मनात काढून टाका आणि बघा पुढे काय अडतं. काहीच अडत नसेल तर तो प्रसंग जास्तीचा. मी परफेक्ट त्या सिनेमाला म्हणेन ज्यात असे प्रसंग जवळजवळ सापडत नाहीत. अशा सिनेमात दोष असू शकतात, फक्त भरताड नसते.

'सेव्हन सामुराय' २०७ मिनिटांचा आहे, तरी या मापात बसतो. त्यातल्या बंदुकांचंच बघा. एका गावाला दरोडेखोरांपासून वाचवायला सात सामुराय येतात. दरोडेखोरांकडे तीन बंदुका आहेत. क्यूझो, म्हणजे सातांमधला सगळ्यांत निष्णात तलवारबाज, रात्री एकटा जाऊन त्यातली एक घेऊन येतो. पोरसवदा कात्सुशिरो त्याच्याकडे भारावून बघत राहतो. शेवटी सातांपैकी चौघे मरतात आणि चौघेही गोळी लागून मरतात, त्यात क्यूझोही. तलवारीने एकही सामुराय पडत नाही. तलवारीचा जमाना संपल्याचं भाषण कुणीही ठोकत नाही, पण चार मृत्यूंनी ते सांगून झालेलं असतं. आता क्यूझोची ती रात्र कापून बघा. लढाई तशीच राहील, पण त्याच्या मरणाचा अर्थ निम्मा होईल.

दुसरी गोष्ट नकाशाची. सातांचा म्होरक्या कांबेई गाव फिरतो, नकाशा काढतो, कुठून शत्रू येईल आणि कुठे अडवायचा ते ठरवतो. चाळीस दरोडेखोरांसाठी कागदावर वर्तुळं काढतो आणि एकेक मेला की एकेक खोडतो. त्यामुळे पाऊस, चिखल आणि घोड्यांच्या गर्दीतही आपण कुठे आहोत आणि किती उरलेत हे प्रेक्षकाला कळत राहतं. आजच्या कितीतरी महागड्या मारामाऱ्या फसतात त्या इथेच: कोण कुठे उभा आहे हे आधी दाखवलेलंच नसतं.

वेगाबद्दल. सलग दहा मिनिटांतले कट मोजा आणि ६०० ला त्या आकड्याने भागा, म्हणजे एका शॉटची सरासरी लांबी सेकंदांत मिळेल. १९३० ते १९६० च्या हॉलीवूडमध्ये ती साधारण ८ ते ११ सेकंद असायची, हल्ली बरेचदा ३ ते ५. पण लांब शॉट म्हणजे संथ सिनेमा असं समीकरण मांडू नका. त्या दहा सेकंदांत चित्रात काही बदलतंय का ते बघा. कुणी आत आलं, कुणाची नजर फिरली, कुणी गप्प झालं? काहीच बदलत नसेल तर तो शॉट १९५४ मध्येही लांबच होता.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' ९६ मिनिटांचा, जवळजवळ सगळा एका खोलीत. ल्युमेटने पहिला तृतीयांश भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून टिपला, दुसरा पातळीवरून, शेवटचा खालून. सोबत लेन्सची फोकल लेंग्थ वाढवत नेली, म्हणजे मागचं पुढे ओढणाऱ्या लेन्स लावत गेला. परिणाम असा की भिंती माणसांच्या जवळ येतात आणि शेवटाकडे डोक्यावर छत दिसायला लागतं. न सांगता कळत नाही, पण घुसमट जाणवते. शेवटी माणसं इमारतीबाहेर पडतात तो शॉट वाइड लेन्सचा, तिथे प्रेक्षकालाही श्वास घेता येतो.

शंकेखोर

माप मान्य, पण ते फक्त बांधणीचं आहे. बांधणी निर्दोष असूनही सिनेमा जुना होऊ शकतो.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मध्ये बारा ज्यूरर, म्हणजे निकाल देणारे नागरिक, खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला बसतात. त्यातला आठ नंबरचा परस्पर बाहेर जाऊन खुनातल्यासारखाच चाकू विकत आणतो आणि टेबलात खुपसतो. ज्यूररने स्वतः तपास करायचा नसतो. खऱ्या अमेरिकन कोर्टात हे उघड झालं तर सुनावणी रद्द होऊ शकते. शिवाय बाराही जण गोरे पुरुष. आजचा प्रेक्षक हे दोन्ही पहिल्या अर्ध्या तासात विचारणार.

'संत तुकाराम'मधले चमत्कार आज कागदी वाटतात. आणि 'कुंकू'चा शेवट मला पळवाट वाटतो. नीरा दोन तास ताठ उभी राहते, म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देते, अंगाशी येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. आणि शेवटी तिची सुटका कशाने होते? नवऱ्याच्या आत्महत्येने. म्हणजे निर्णय पुन्हा त्याचाच. हे टिकलं असं कसं म्हणायचं?

माजघर

शंकेखोर, 'कुंकू'च्या शेवटाबद्दल तुमच्याशी भांडायलाच हवं. सिनेमा १९३७ चा आहे. त्या वेळी ब्रिटिश भारतात हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदाच नव्हता. मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला आणि देशभरासाठी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. विधवाविवाह मात्र १८५६ पासून कायदेशीर होता. म्हणजे नीरेपुढे लग्नातून बाहेर पडायचं एकच दार होतं: नवरा मरणं. तिचा नवरा काकासाहेब तेच दार उघडतो आणि चिठ्ठीत तिला पुन्हा लग्न कर म्हणून सांगतो. पटकथा ना. ह. आपट्यांची, त्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. दिग्दर्शक शांतारामांनी दुसरी वाट काढली असती तर ती खोटी ठरली असती. निर्णय पुन्हा पुरुषाचा, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण ते सिनेमाचं अपयश नाही. कायद्याने तिच्या हातात काय ठेवलं होतं, त्याचं ते नेमकं चित्र आहे. सिनेमाआधी दोन वाक्यांत हे कायदे सांगा. विशीतल्या मुलींना शेवट पळवाट वाटणार नाही, उलट राग येईल, आणि तोच यायला हवा.

केशवराव दात्यांनी काकासाहेब खलनायक होऊ दिलेला नाही, हे या सिनेमाचं मोठं बळ. त्याला स्वतःचं वय कळत जातं आणि आपल्याला त्याची कीवही येते. त्याची सुधारक मुलगी केली आहे शकुंतला परांजपे यांनी. रँग्लर परांजप्यांची ही कन्या पुढे संततिनियमनाच्या कामासाठी ओळखली गेली. पडद्यावर ती बोलते तेव्हा त्यात नाटकीपणा नाही, ते यामुळेही असेल.

आणि आवाज! 'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे, वस्तूंचे आवाज तेवढे आहेत. व्हायोलिनं वाजवून कुणी तुम्हाला रडायला सांगत नाही. म्हणूनच त्यातले ताणाचे प्रसंग आजही ताजे वाटतात. त्याच काळातले दुसरे कितीतरी सिनेमे संगीताच्या माऱ्याने जुने झाले.

'संत तुकाराम'च्या चमत्कारांचं म्हणाल तर, ट्रिक शॉट म्हणून ते उघडे पडतात, खरं आहे. पण दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी सिनेमा त्यांच्या जोरावर उभा केलेलाच नाही. तो उभा आहे जिजाईवर. गौरीबाईंची जिजाई घरात दाणा नाही म्हणून थेट विठ्ठलावर वहाण उगारते. विमान वैकुंठाला निघतं तेव्हाही तिला मुलांच्या जेवणाची काळजी. प्रत्येक चमत्काराशेजारी ही बाई रोकडा हिशेब घेऊन उभी असते, त्यामुळे श्रद्धा नसलेल्या प्रेक्षकालाही बसायला जागा मिळते. सातवं रीळ यांचं माप लावा: विमान काढलं तर सिनेमा उरतो, जिजाई काढली तर उरत नाही. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांचं गाणं त्यानंतर येतं. 'आधी बीज एकले' हा तुकोबांचाच अभंग आहे असं आजही पुष्कळांना वाटतं, तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला. चर्चेत हे नक्की सांगा.

प्रोजेक्शनची खोली

मूळ प्रश्नातला शेवटचा भाग राहिला: प्रत. जुना सिनेमा 'पडला' असं म्हणतात त्यातला बराच वाटा दाखवणाऱ्याच्या चुकांचा असतो. आधी एवढं तपासा.

चौकट. तुमच्या यादीतले पहिले तीन सिनेमे जवळजवळ ४:३ च्या चौकटीतले आहेत. १६:९ चा पडदा भरावा म्हणून चित्र मोठं केलं की उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो: कपाळं, पाय, आणि कुरोसावाच्या चौकटीत मागे उभी असलेली माणसं. ताणून रुंद केलं तर सगळे जाडे दिसतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या, शक्य असेल तर तिथे काळं कापड लावा. उजळ कडा झाकल्या की करडे रंग लगेच खोल दिसतात.

मोशन स्मूदिंग. टीव्ही किंवा प्रोजेक्टर सिनेमाच्या सेकंदाला २४ फ्रेमच्या मध्ये बनावट फ्रेम घालतो आणि सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. कंपनीप्रमाणे नाव बदलतं, पिक्चरच्या सेटिंगमध्ये शोधून पूर्ण बंद करा. शार्पनेसही खाली आणा, नाहीतर फिल्मचे कण मुंग्यांसारखे वळवळतात.

वेग. जुन्या पाल (सेकंदाला २५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर २४ फ्रेमचा सिनेमा २५ ने पळतो, म्हणजे ४ टक्के जलद. ओळखायची सोपी खूण लांबी: 'सेव्हन सामुराय' २०७ ऐवजी साधारण १९९ मिनिटांचा दिसेल. त्यात आवाजाची पट्टीही जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. पागनिसांच्या गाण्यावर हा अन्याय सहन होणार नाही. 'सेव्हन सामुराय'च्या कापून लहान केलेल्या प्रतीही फिरतात. या आठ मिनिटांहून बराच जास्त फरक दिसला तर तो नुसता पालचा नव्हे, प्रत कापलेली आहे.

आवाज. १९३० च्या दशकातला ध्वनिपट मोनो, तोही अरुंद पट्ट्याचा. सराउंडचे सगळे इफेक्ट बंद करून आवाज पडद्याजवळच्या स्पीकरमधूनच सोडा. १०० हर्ट्झच्या खाली संवादांचं फारसं काही नसतं, घरघर असते, ते कापा. २ ते ४ हजार हर्ट्झचा भाग ३ डेसिबलने उचला, शब्द मोकळे होतात. नॉइज रिडक्शन मात्र लावू नका. खरखर जाते, पण तिच्यासोबत 'स', 'श', 'च'ही जातात आणि मग मुलं म्हणतात की जुने नट तोंडातल्या तोंडात बोलतात. 'कुंकू'च्या वेळी पंखे कमी करा, कारण त्यातले बारीक आवाज हाच त्याचा पार्श्वध्वनी आहे.

१९३६-३७ च्या चित्रपटांची भारतातली ६० वर्षांची कॉपीराइटची मुदत संपलेली आहे. नव्याने केलेली सबटायटल्स असलेली प्रत वापरणार असाल तर ती देणाऱ्याची परवानगी वेगळी विचारा.

झरोका

हे सगळं मंडळापुढे ठेवतो. पहिला सिनेमा कुठला ठेवावा? आणि एखादा मूकपट घेण्यात अर्थ आहे का? फाळक्यांचा 'कालिया मर्दन' सुचवला गेलाय.

सातवं रीळ

सुरुवात 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'ने करा. ९६ मिनिटं, भाषेचा अडसर कमी, वाद लगेच पेटतो. शंकेखोर यांचा चाकूचा मुद्दा तुम्हीच काढा, लोक बोलते होतील. मग 'कुंकू', मग 'संत तुकाराम', आणि सवय झाली की 'सेव्हन सामुराय' रविवारी सकाळी. त्याला मूळ प्रतीतच मध्यंतर आहे, तिथेच थांबा, दुसरीकडे तोडू नका.

प्रोजेक्शनची खोली

'कालिया मर्दन' (१९१९) जरूर घ्या. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आधी स्वतः म्हणून चेहऱ्यावरचे भाव दाखवते आणि मग कृष्ण होते, तेवढ्यावरच सभागृह जिंकलं जातं. फक्त वेग सांभाळा. मूकपट साधारण १६ ते १८ फ्रेमने टिपले जायचे. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे हजार फुटांचं रीळ १६ फ्रेमने १६ मिनिटं ४० सेकंद चालतं आणि २४ ने चालवलं तर ११ मिनिटं ७ सेकंदांतच संपतं. लोक मूकपटाला हसतात ते बरेचदा या दीडपट धावपळीला. फाइल २४ ने पळत असेल तर प्लेअरमध्ये वेग ०.७ वर आणून एखाद्या पात्राचं चालणं बघा. पाऊल जमिनीवर नैसर्गिक पडतंय असं वाटेपर्यंत ०.०५ ने वर-खाली करा. आवाज नाहीच, त्यामुळे पट्टी बिघडायची भीती नाही. सोबत एक तबलजी आणि एक बासरीवाला बसवता आला तर बघा, पण त्यांना सिनेमा एकदा आधी दाखवा.