जुने जपानी आरपीजी (पात्र घेऊन कथा खेळायचे व्हिडिओ गेम) नव्या कन्सोलवर परत खेळताय? अनुभव लिहा

कुर्टीवाला
भाचा चवथीला आलाय. काल गणपतीवर फळांची माटोळी बांधायला बोलावला तर हा सोफ्यावर आडवा होऊन निन्टेंडो स्विच कन्सोलवर फायनल फँटसी ७ खेळतोय. रिमेक नव्हे, मूळ १९९७ चाच, ते ठोकळ्यासारखे हात असलेले पुतळे. लढाईचं संगीत वाजलं आणि मी हातात तोरिंगं घेऊन तसाच उभा. तेवढ्यात त्याने डावी स्टिक दाबली आणि सगळं तिप्पट वेगाने धावायला लागलं. नायक क्लाऊड मुंगी चावल्यासारखा नाचतोय.

आमचा मामा तारवटी, बोटीवर नोकरीला. मायामीहून सुटणाऱ्या क्रूझवर होता, तिथून त्याने अमेरिकन प्लेस्टेशन आणलं. ११० व्होल्टचं, म्हणून सोबत विटेएवढा ट्रान्सफॉर्मर, तो तापला की वास यायचा. आणि आमचा टीव्ही पाल पद्धतीचा, यंत्र अमेरिकन एनटीएससी पद्धतीचं, त्यामुळे चित्र काळंपांढरं. म्हणजे मी गेममधलं अख्खं मिडगार शहर काळंपांढरं पाहिलंय. क्लाऊडचे केस पिवळे आहेत हे कळलं ते आतेभावाकडे गल्फचा मल्टिसिस्टीम टीव्ही आला तेव्हा!

मामाने मेमरी कार्ड आणलं नव्हतं, त्याशिवाय गेम सेव्ह होत नाही. मग काय, रिअॅक्टर उडवायचा, दहा मिनिटांचं काउंटडाउन, पळायचं, आणि रात्री यंत्र चालूच ठेवायचं. हिरवा दिवा दिसू नये म्हणून वर बाबांचा रुमाल. सकाळी एक तर वीज गेलेली असायची, नाहीतर आईने स्विच बंद केलेला.

त्यामुळे भाच्याचा तिप्पट वेग बघून आधी राग आला, मग स्वतःच घेऊन खेळलो. ऑफिस, मुलीची ट्यूशन, सासऱ्यांचं डायलिसिस यातून कधी खेळणार? वेग वाढवणं चालतं मला. रस्त्यातले राक्षस पूर्ण बंद करणं मात्र नाही पटलं, मग नुसतं फिरायलाच गेल्यासारखं.

तुम्ही कोणी परत खेळलात? कशावर? काय वाटलं?

उसळपाव
डिस्क १ च्या शेवटाबद्दल कोणी लिहू नका, मी आता सुरू केलाय

रोंबाट
@उसळपाव पात्राव, गेम १९९७ चा आहे. त्या वर्षी जन्मलेल्यांची आता लग्नं होऊन मुलं बालवाडीत आहेत.

उसळपाव
माहीत आहे रे. तरी नको.

रोंबाट
बरं. मडगावचं लिहितो. घरी कन्सोल नव्हता, गेम पार्लरमध्ये तासावर खेळायचो. अख्ख्या पार्लरला एक मेमरी कार्ड. त्यात १५ ब्लॉक, म्हणजे सेव्हचे कप्पे. फायनल फँटसीला एक ब्लॉक पुरतो, पण फुटबॉलवाली पोरं यायची आणि त्यांना आपली लीग सेव्ह करायची असायची. जागा नाही म्हटल्यावर कोणाचं उडवणार? जो हजर नाही त्याचं. मी गेममधल्या गोल्ड सॉसरपर्यंत पोचलो होतो आणि दिवाळीत चार दिवस नरकासुराचा पुतळा करण्यात गेले. परत आलो तर माझ्या ब्लॉकवर इंटर मिलान.

आता पीएस५ वर स्लॉटच स्लॉट, वर ऑनलाइन क्लाऊडमध्ये पण. तरी मी प्रत्येक गावात दोन वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करतो. बायको विचारते कशाला. काय सांगू.

कुर्टीवाला
हसून हसून पुरेवाट. इंटर मिलान 😂

शेवंती७२
नमस्कार, मी गेम खेळत नाही, मुलाने दाखवलं म्हणून वाचते आहे. कुर्टीवाला, तो ट्रान्सफॉर्मर अजून आहे का? भावजयीने न्यूजर्सीहून मिक्सर आणून दिलाय, तो ११० चा आहे. नुसता पडून आहे.

कुर्टीवाला
काकू, आहे माळ्यावर, पण तो नको. प्लेस्टेशनला १५-२० वॅट पुरायचे, मिक्सरला काहीशे लागतात. जळेल.

शेवंती७२
मोठा घेतला तर?

चोडणची_फेरी
काकू, मोठा घेतलात तरी तो फक्त व्होल्ट कमी करतो. तिकडची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. काही मोटरी त्याने हळू फिरतात आणि गरम होतात, मिक्सरच्या मोटरला मात्र सहसा फरक पडत नाही, तरी आधी विचारून घ्या.

माझं विषयाला धरून: फायनल फँटसी ६, पिक्सेल रिमास्टर, फोनवर. रायबंदर-चोडण फेरीत. कुठेही क्विक सेव्ह होतो हे कोणाला फालतू वाटत असेल, मला देवच पावला. फेरी धक्क्याला लागते, फळी पडते, सेव्ह, खिशात, स्कूटर सुरू.

त्यातला ऑपेरा आठवतो का? १९९४ चा गेम, त्यातल्या सेलीस नावाच्या नायिकेला रंगमंचावर उभं करतात आणि गाण्याच्या ओळी आपल्याला लक्षात ठेवून निवडायला लागतात. चुकलं की प्रयोग बंद. मी आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात राजपुत्र केलाय, पण आम्हाला विंगेत प्रॉम्प्टर असतो, आणि तो आमच्यापेक्षा मोठ्याने बोलतो. बिचाऱ्या सेलीसला कोणी नाही. वर तो अल्ट्रोस ऑक्टोपस तिच्या डोक्यावर चार टनांचं वजन टाकायच्या तयारीत!

जुन्या सुपर निन्टेंडोत तिथे गाण्याच्या जागी नुसता पिपाणीसारखा आवाज यायचा. रिमास्टरमध्ये खरंच गायलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फेरीत हेडफोन नव्हता. सगळी फेरी माझ्याकडे बघतेय.

म्हापशेकरीण
नाटकाचं वाचून मजा आली. कुठलं गाव तुमचं?

मी पोकेमॉनवाली. चालतं ना इथे? तोही जपानी आरपीजीच. कार्टून बघून वेड लागलेलं, पण गेमबॉय कोण घेऊन देणार. म्हापशाला सायबर कॅफेत कॉम्प्युटरवर एम्युलेटरमध्ये (कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) पोकेमॉन फायररेड खेळायचे. प्रॉब्लेम असा की सेव्ह त्या एकाच कॉम्प्युटरवर, खिडकीजवळचा चार नंबर. शुक्रवारी बाजाराला आईबरोबर यायचे, ती सुकी मासळी आणि चणे घेईपर्यंत मी चार नंबरवर. तिथे कोणी चॅट करत बसलेलं असलं की मागे उभी राहून घसा खाकरायचा.

आता मुलीबरोबर लेट्स गो पिकाचू, स्विचवर. २०१८ चा आहे पण गावं, जिम, सगळं फायररेडमधल्याच कांटो प्रांताचं. फरक म्हणजे रानातल्या पोकेमॉनशी लढायचंच नाही, हात हलवून बॉल फेकायचा. मला आधी हे अगदीच लुटुपुटुचं वाटलं. पण दुसरा कंट्रोलर घेऊन मुलगी मध्येच उडी मारते, दोघींनी एकदम बॉल टाकले तर जास्त चांगलं. ती जिमवाल्या ब्रॉकशी लढताना पिकाचूला "बाय, तू दमलीस, मागे बस" म्हणते. मी कधी कोणा पोकेमॉनला दमलीस का विचारलं नव्हतं. मी फक्त लेव्हल बघायचे.

रोंबाट
घसा खाकरायचा 😂😂 तो कॅफे बाजाराच्या वरच्या अंगाला, जिन्यावरचा?

म्हापशेकरीण
हो!! तू पण?

रोंबाट
मावशी म्हापशाला, मे महिन्यात असायचो. मीच असेन चॅट करणारा.

पावसाळी_बेडूक
सत्तरी तालुक्यातून. फायनल फँटसी १०. लुलू नावाच्या पात्राचं शस्त्र पूर्ण करायला थंडर प्लेन्समध्ये २०० विजा ओळीने चुकवायच्या, एक लागली की पहिल्यापासून. आकडा पडद्यावर कुठे दिसत नाही. धाकटी बहीण शेजारी काजूबिया घेऊन बसायची, वीज चुकवली की एक बी डब्यात. आणि आमच्याकडे जूनमध्ये बाहेर खऱ्या विजा. आई स्वयंपाकघरातून: प्लग काढ! मी: आई, दीडशे झाले! तिने काढलाच.

एचडी रिमास्टर घेतला, म्हटलं आतातरी कमी केल्या असतील. २०० च आहेत. बहीण आता दुबईला, व्हिडिओ कॉल लावून दिला, म्हटलं मोज. तिने सरळ फोन ठेवला.

चोडणची_फेरी
तिथे एक खड्डा आहे, त्याच्या कडेला पुढेमागे केलं की वीज ठरल्या वेळी पडते. मग सोपं जातं.

पावसाळी_बेडूक
हे वीस वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस रे

जुनी_हाडं
मी तुमच्या सगळ्यांपेक्षा म्हातारा, पन्नाशी उलटली. वास्को. वडील मुरगाव बंदरात. आपलं लोहखनिज तेव्हा जपानला जायचं, बोटी यायच्या. एका जपानी खलाशाने वडिलांना एक कार्ट्रिज दिलं, बदल्यात काजूची पिशवी. आमच्याकडे बाजारात मिळणारा नकली व्हिडिओ गेम होता, त्यात ते बरोबर बसलं. ड्रॅगन क्वेस्ट ३. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, वर सगळं जपानी आणि एका पोराचं चित्र.

एक अक्षर वाचता येत नव्हतं. मेनूतली कुठली ओळ दाबली की काय होतं हे अंदाजाने. आई उठवते, राजाकडे नेते, राजा काहीतरी बोलतो, पैसे देतो, मग मी गावाबाहेर. दोन-चार स्लाइम नावाचे राक्षस मारायचे, मग कावळा चोच मारून मारून मारायचा. परत राजासमोर, निम्मे पैसे गायब. मला वाटायचं गेम म्हणजे एवढाच, जपानी लोकांची शिक्षेची पद्धत.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा एचडी-२डी रिमेक आला, इंग्रजीत. मुलाने घेतला. मी म्हटलं थांब, हा मी खेळलोय. आणि पहिल्याच दहा मिनिटांत राजा सांगतो, खानावळीत जा आणि सोबती गोळा कर. सोबती!! तीन जण मिळतात, पुजारी, जादूगार, योद्धा, हवा तो. ती खानावळ त्याच गावात होती. मी तिच्यासमोरून रोज एकटा बाहेर पडत होतो.

१९८८ साली जपानात हा गेम निघाला तेव्हा पोरं शाळा बुडवून रांगेत उभी होती म्हणे. आता कळलं का ते. कहाणी पण काय आहे, शेवटी तर तो नायक म्हणजे

उसळपाव
आजोबा थांबा!!!!

जुनी_हाडं
आजोबा कोणाला म्हणतोस, काका म्हण. बरं नाही सांगत. पण चित्रं काढणारे तोरियामा त्या मार्चमध्येच वारले, रिमेक यायच्या आधी. स्लाइम तोच, तोंड उघडून हसणारा. मुलगा म्हणाला बाबा, तुम्ही त्याला मारत का नाही. म्हटलं, थांब जरा.

तिसऱ्यो
सुईकोडेन १-२ चा एचडी रिमास्टर मार्च २०२५ ला आला त्याचं कोणाला काहीच नाही?! १०८ माणसं गोळा करायची, वाडा भरत जातो, न्हाणीघर, सुतार, आचारी. मला लढाईपेक्षा तो वाडा भरणं आवडतं. दुसऱ्या भागातली स्वयंपाकाची स्पर्धा तर मी जेवण सोडून खेळलोय. आधी पहिल्या भागाचा सेव्ह दुसऱ्यात न्यायला मेमरी कार्ड लागायचं, माझ्याकडे पहिला भागच नव्हता, मित्राचं कार्ड मागून आणलं आणि दिलंच नाही. तो आता पोलिसात आहे.

म्हापशेकरीण
😂 स्पर्धेत हुमण आहे का

तिसऱ्यो
नाही. पण मासे आहेत. नारळ नाही म्हणून आम्ही हरलो असं मी समजतो.

कुर्टीवाला
माझ्या जुन्या डिस्कांवर बुरशी आलीय, पांढरे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग. पावसाळ्यात कपाटात राहिल्या. काय करता तुम्ही?

पावसाळी_बेडूक
मऊ कापड, किंचित साबणपाणी, मधून बाहेर सरळ पुसायचं, गोल गोल नाही. मग तांदळाच्या डब्यात नको हां, धूळ बसते. सिलिका जेलच्या पुड्या, नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या. पण आतल्या चकचकीत थराला बुरशीने खाल्लं असेल तर गेली.

रोंबाट
गेली तर गेली, विकत मिळतो आता सगळीकडे. डिस्क भिंतीला लाव.

कुर्टीवाला
विकत मिळतो रे, पण त्या डिस्कवर मामाच्या हातची तारीख आहे, बॉलपेनने. मामा आता नाही.

रोंबाट
सॉरी भाई. माहीत नव्हतं.

जुनी_हाडं
मग बॉलपेनच्या बाजूला पाणी लावू नका. खालची बाजूच पुसा.

सोलकढी
मला वाटलेलं फक्त पुरुषच लिहितायत, म्हापशेकरीणला बघून धीर आला. ह्यांनी पीएस५ आणला, फायनल फँटसी ७ रिबर्थ. तुमच्या त्या तीन सीडीच्या गेमचा हा नुसता मधला तुकडा म्हणे, आणि तोच दोन ब्ल्यू-रे! तिसरा भाग अजून यायचाय. तोवर आमचं सोफ्याचं कापड जाईल.

मी फक्त चहा द्यायला जायचे. पण त्यात क्वीन्स ब्लड म्हणून पत्त्यांचा डाव आहे, घरं अडवत जायची, तीन ओळी. हे दरवेळी हरायचे, मला बघवेना, म्हटलं इकडे आणा. आता बोटीवरची स्पर्धा मी जिंकून दिली. हे कथा खेळतात, गावात पत्तेवाला भेटला की मला हाक मारतात. भाजी करपते ती वेगळी.

शेवंती७२
हे मला जमेल. आम्ही चवथीला रात्रभर पत्ते खेळायचो. यात पैसे लावतात का?

सोलकढी
नाही काकू, पत्तेच मिळतात जिंकलं की.

शेवंती७२
मग काय मजा.

कुर्टीवाला
काकू, मिक्सरचं काय ठरवलंत शेवटी?

शेवंती७२
भावजय नाताळात येतेय. तिलाच परत घेऊन जा म्हणते. तोवर टेबलावर मांडून ठेवते, दिसायला हवा ना.