मदत हवी आहे : दोन किमोंच्या मधले दिवस शेतकरी घरात कसे काढावेत?

नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यात शेतात वस्तीवर राहतो. माझ्या सासूबाईंना (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) स्तनाचा कर्करोग झाला आहे. त्या ५८ वर्षांच्या आहेत. शस्त्रक्रिया झाली असून मिरजेला दर २१ दिवसांनी किमो चालू आहे. ‘लाल औषधा’च्या चारपैकी तीन किमो झाल्या. वैद्यकीय सल्ला डॉक्टर देतच आहेत आणि तो आम्ही पाळतो. मला विचारायचे आहे ते किमोच्या दिवसाबद्दल नाही, तर मधल्या वीस दिवसांबद्दल आहे.

पहिल्या किमोनंतर लघवी लाल झाली तेव्हा आत्या घाबरून रडू लागल्या होत्या. तो औषधाचाच रंग आहे आणि एक-दोन दिवसांत जातो, हे आम्हाला फोन केल्यावर समजले. आता वेळापत्रक अंगवळणी पडले आहे. पहिले तीन-चार दिवस मळमळ असते, उलटीच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या थांबल्या की अंगातले सगळे बळ गेल्यासारखे होते. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या काळात ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन वाट न पाहता, रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठायचे, असे आम्हाला बजावले आहे. दुसऱ्या किमोनंतर ते एकदा करावे लागले.

नेमक्या याच आठवड्यात माझी पंचाईत होते, कारण आत्यांना गोठा सोडवत नाही. दोन म्हशी आणि एक गाय आहे. शेण, माती, ओला चारा यांपासून लांब राहायला सांगितले आहे. पण चाळीस वर्षे पहाटे धार काढणाऱ्या बाईला पलंगावर बसवून ठेवले, तर ती आजाराने नाही तरी रिकामपणानेच खचते, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. मी दुपारी झोपले की त्या हळूच जाऊन म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून येतात. रागवावे, तर वयाने आणि मानाने त्या मोठ्या. सध्या मी त्यांना लसूण सोलणे आणि दुधाचा हिशेब लिहिणे एवढेच देते. हिशेब त्यांना आवडतो, बाकी त्या मनावर घेत नाहीत. तुमच्या घरात अशा माणसाला कोणते काम दिलेत, जे खरोखर कामाचे वाटेल?

त्यातच ऑक्टोबर छाटणी झाल्यामुळे द्राक्षबागेत फवारण्या सुरू आहेत. बाग घरापासून पन्नास पावलांवर आहे. ब्लोअर चालू झाला की खिडक्या बंद करूनही त्या वासाने त्यांना मळमळते, आणि डाऊनी या वेलीवरच्या रोगाच्या भीतीने फवारणी पुढे ढकलताही येत नाही. बागायतदारांपैकी कोणी अशा दिवसांत रुग्णाला दुसरीकडे ठेवले होते का?

जेवणाचे म्हणाल तर तोंड आले आहे. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी थोडा आराम पडतो. खर्डा-भाकरीवर वाढलेल्या माणसाला मऊ भात आणि दुधात कुस्करलेली भाकरी किती दिवस द्यायची? शिवाय सगळ्याला लोखंडाची चव लागते म्हणतात. हळदीचा प्रश्न मात्र मिटला आहे. सांगलीची हळद घरोघरी असल्यामुळे प्रत्येक पाहुणा काढा किंवा कॅप्सूल सुचवतो. डॉक्टरांनी भाजीतली हळद चालेल, काढे, कॅप्सूल आणि गुळवेल नको, असे स्पष्ट सांगितले.

पाहुण्यांना थांबवणे मला अजून जमलेले नाही. बाजाराच्या दिवशी पाच-सहा जणी मिळून बघायला येतात, त्यातली एखादी खोकत असते. दारातून परत पाठवले तर भावकीत नावे ठेवतात, आत घेतले तर मला रात्रभर थर्मामीटर घेऊन जागावे लागते. आता दिवाळी तोंडावर आहे.

केसांचे लिहू की नको, असे वाटत होते. उशीवर, ताटात केस गळतात. पण मामंजी हयात असताना डोक्यावरचे केस उतरवायला आत्या तयार नाहीत, आणि त्यामागची भीती कोणत्या बाईला समजणार नाही? वस्तरा न लावता कात्रीने बारीक करू, एवढ्यावर त्या थोड्या नरमल्या आहेत. कोणाच्या घरी हा विषय कसा निघाला, हे कळले तर बरे होईल.

चौथ्या किमोनंतर दर आठवड्याला एक, अशा पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाच्या बारा किमो आहेत. त्याने हातापायांना मुंग्या येतात आणि बधिरपणा येऊ शकतो, असे सांगितले आहे. अनवाणी फिरण्याची आणि तव्यावरची भाकरी हातानेच उलटण्याची सवय असलेल्या बाईच्या बाबतीत काय काळजी घेतलीत, तेही लिहावे.

आत्यांना वाचता येते, पण मोबाइलवरची अक्षरे दिसत नाहीत, म्हणून उत्तरे मीच वाचून दाखवणार आहे. ज्यांनी स्वतः हे सोसले आहे, त्यांनी कृपया थेट त्यांनाच उद्देशून लिहावे. माझे सांगणे त्यांना सुनेचे सांगणे वाटते.