डॅनी बॉयची लढाई आणि अल-स्वेडी चौकशी: सैनिकांना इतकी वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात ठेवणे योग्य होते का?

गडवाट: १४ मे २००४ रोजी दक्षिण इराकमध्ये मजर अल-कबीरजवळ, 'डॅनी बॉय' या तपासणी नाक्यानजीक, महदी सेना या शिया सशस्त्र संघटनेच्या बंडखोरांनी ब्रिटिश लँड रोव्हर गाड्यांवर दबा धरून हल्ला केला. मदतीला धावलेल्या प्रिन्सेस ऑफ वेल्सेस रॉयल रेजिमेंटच्या मूठभर जवानांनी वॉरियर चिलखती गाड्यांतून उतरून, बंदुकांना संगिनी लावून, समोरून गोळ्या येत असताना खंदकांवर चाल केली. याच जवानांवर पुढे, जिवंत पकडलेल्या इराकींना ब्रिटिश छावणीत नेऊन ठार मारल्याचा आरोप झाला. २००९ मध्ये जाहीर झालेल्या चौकशीने तो डिसेंबर २०१४ मध्ये सपशेल खोटा ठरवला. ज्या तरुणाच्या आडनावाने ही चौकशी ओळखली जाते, तोही लढाईतच मारला गेला होता. सुमारे अडीच कोटी पौंड आणि पाच वर्षे खर्चून मिळालेल्या या निष्कर्षाची किंमत त्या जवानांनी मोजली, याचा मला मनापासून संताप येतो.

नदीकाठ: आपला संताप समजतो, पण संशयाला जागा कोणी करून दिली हेही पाहावे. लढाई संपल्यावर वीस मृतदेह गाड्यांत घालून अबू नाजी या ब्रिटिश छावणीत नेण्याचा आदेश वरून आला. मृतदेह दुसऱ्या दिवशी नातेवाइकांच्या हाती पडले, ते तोफा-बंदुकांच्या माऱ्याने छिन्नविच्छिन्न झालेले. माणूस रणांगणावर पडला होता की छावणीत, हे मृताच्या बापाला कोण सांगणार होते?

गडवाट: तो आदेश अकारण नव्हता. २४ जून २००३ रोजी याच मजर अल-कबीरमध्ये जमावाने सहा ब्रिटिश लष्करी पोलिसांना ठार मारले होते आणि त्यातला एक संशयित मृतांमध्ये आहे का, हे पाहायचे होते. शिवाय रक्तामांसाने माखलेले ते देह उचलण्याचे काम, तासाभरापूर्वी जीव मुठीत धरून लढलेल्या पोरांनाच करावे लागले. कुटुंबांचे दुःख खरेच आहे. पण त्यावर खटले उभे करणाऱ्या फिल शायनर या वकिलाची सनद २०१७ मध्ये गैरवर्तनामुळे रद्द झाली, हे विसरू नये.

साक्षी_पुणे: वकील लबाड होता म्हणून चौकशी अनावश्यक ठरत नाही. उच्च न्यायालयात हे प्रकरण चालू असताना संरक्षण मंत्रालयाने आवश्यक कागदपत्रे वेळेवर सादर केली नाहीत, त्याबद्दल न्यायाधीशांनी कडक ताशेरे ओढले आणि मगच सरकारला चौकशी नेमावी लागली. जवानांना पाच वर्षे टांगणीला लावणारे पहिले हात लंडनच्या कचेरीतले होते. दुसरे असे की अहवालाने खुनाचा आरोप फेटाळला, तरी त्या लढाईत जिवंत पकडलेल्या नऊ कैद्यांना दिलेली वागणूक निर्दोष ठरवलेली नाही. त्यांच्या डोळ्यांवर काळे केलेले गॉगल चढवले गेले, पुरेसे खायला दिले नाही, झोपू दिले नाही आणि त्यांची जबानी घेणाऱ्या लष्करी माणसाने त्यांना घाबरवण्यासाठी तंबूची मेख टेबलावर आपटली.

गडवाट: मेख आपटणे आणि खून करणे यांना एका तागडीत तोलता येणार नाही.

साक्षी_पुणे: तोलत नाहीच. उलट माझी तक्रार अशी आहे की खुनाच्या खोट्या आरोपानेच त्या खऱ्या गैरवर्तनाला झाकून टाकले. मार्च २०१४ मध्ये कुटुंबांच्या वकिलांनी खुनाचा दावा सोडून दिला, आणि अहवाल आल्यावर वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत केवळ 'आरोप खोटे' एवढेच उरले. संगिनी लावून धावलेल्या जवानांना या कोठडीतल्या वागणुकीचा जाब विचारू नये, हे मला मान्य आहे. तो कैद्यांच्या चौकशीची पद्धत ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना विचारायला हवा होता.