सागर रक्षक दलात नाव द्यायचं की नाही? आई नको म्हणतेय

पुळणकाठ

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या एका छोट्या बंदरावरचा मी, वय २६. पुण्यात चार वर्षं नोकरी केली आणि दीड वर्षापूर्वी गावी परत आलो. काकांच्या होडीचं डिझेल, बर्फ, लिलावाचा हिशोब मी बघतो. समुद्रात आठवड्यातून एखाद्या वेळी जातो, अजून शिकतोच आहे.

गेल्या सोमवारी आमच्या शाळेत सागरी पोलिसांची बैठक झाली. पोलीस पाटलांनी आम्हा सात जणांची नावं सागर रक्षक दलासाठी, म्हणजे पोलिसांना मदत करणाऱ्या किनाऱ्यावरच्या स्वयंसेवकांच्या दलासाठी, पुढे केली. फॉर्म दिला, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो मागितले. साहेब म्हणाले, समुद्रात आणि किनाऱ्यावर काही वेगळं दिसलं की कळवायचं, महिन्यातून काही रात्री गस्तीला यायचं, कवायती असतील तेव्हा हजर राहायचं. मानधन नाही.

मला नाव द्यावंसं वाटतंय. ऑगस्ट २०२३मध्ये कर्दे, लाडघर, केळशी या पट्ट्यात चरसची पाकिटं वाहून आली ते मी पुण्यात बसून बातम्यांत वाचलं. माझा चुलतभाऊ तेव्हा आठवीत. रोज संध्याकाळी तो पुळणीवर फुटबॉल खेळायचा. त्याच्या पायाशी एखादं पाकीट आलं असतं आणि त्यानं कुतूहलानं उघडलं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

पण आई ऐकत नाही. ती म्हणते, "रात्री बंदूकवाले उतरले तर तू त्यांच्यापुढे शिट्टी घेऊन उभा राहणार का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. आमच्या होडीवर दोन नेपाळी खलाशी आहेत. बैठकीत सांगितलं की बाहेरच्या खलाशांची माहिती द्या. दोघं आमच्याच घरी जेवतात, काकीला आई म्हणतात. त्यांची माहिती पोलिसांना देणं म्हणजे त्यांच्यावर पाळत ठेवणं होईल असं वाटतं. कोणी दलात असाल तर खरं काय ते सांगा.

जुना तांडेल

मी रायगडातला, वय ५४. होडीवर २८ वर्षं तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, आणि दलात २०११पासून. नाव दे, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त कशासाठी देतोयस ते नीट कळून दे.

आधी आईचा प्रश्न, कारण तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. बंदूकवाल्यासमोर उभं राहायचं नाही, कोणी सांगितलं तरी नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हे देशाचं प्रादेशिक पाणी. तिथं सागरी पोलिसांची गस्त, पुढे तटरक्षक दल, आणि २६/११नंतर एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे. रडार त्यांच्याकडे, हत्यारं त्यांच्याकडे. आपल्याकडे एवढंच आहे की आपलं बंदर आपल्याला पाठ असतं. कोणाची होडी कुठल्या भरतीला निघते, कोणाचं इंजिन कसं वाजतं, खाडीच्या तोंडाशी रात्री किती दिवे असायला हवेत. एक दिवा जास्त झाला तर तो रत्नागिरीतल्या किंवा मुंबईतल्या साहेबाला कळणार नाही, तुला कळेल.

आमचा तालुका श्रीवर्धन. १९९३ साली मी २२ वर्षांचा होतो. जानेवारीत दिघीला, मग फेब्रुवारीत शेखाडीला शस्त्रांचा आणि स्फोटकांचा माल उतरला. १२ मार्चला मुंबईत १२ ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसं गेली. सोन्याचांदीची तस्करी त्या काळी या किनाऱ्याला नवी नव्हती. रात्री टेम्पो आला, पेट्या चढल्या, तर लोक कूस बदलून झोपायचे. ज्यांनी अडवायचं त्यांतलेही काही पैसे घेऊन गप्प राहिले, कस्टम्समधल्या आणि पोलिसांतल्या माणसांना पुढे त्यासाठी शिक्षा झाल्या. नंतर कित्येक वर्षं मुंबईला गाव सांगितलं की समोरचा क्षणभर थांबायचा. ते थांबणं मी विसरलेलो नाही. दलात मी गेलो तो त्यामुळे.

आता काम कसं असतं ते. 'सागर कवच' नावाची कवायत होते. पोलिसांतलेच काही जण साध्या कपड्यांत घुसखोर बनून किनाऱ्यावर उतरायचा प्रयत्न करतात, बाकीच्यांनी त्यांना पकडायचं. एका वर्षी मी जेटीवर पहाऱ्याला होतो आणि ते माझ्यासमोरून उतरून गेले. शेजारच्या वाडीतली होडी त्यांनी घेतली होती. ओळखीची होडी, ओळखीचा रंग, म्हणून मी मान वर करून आतली माणसं पाहिलीच नाहीत. घरी आलो आणि रात्रभर झोप लागली नाही. २००८ला तेच झालं होतं की! 'कुबेर' ही पोरबंदरची, आपल्याच देशाची मासेमारी बोट. भर समुद्रात बळकावली, तिच्यावरची आपली माणसं मारली, आणि शेवटी रबरी होडीतून मुंबईत बधवार पार्कच्या मच्छीमार नगरला दहा जण आले. तिथल्या कोळी लोकांनी त्यांना हटकलंही होतं.

तेव्हापासून मी बोटीचा नंबर बघतो, पण त्यावर थांबत नाही. महाराष्ट्राचं आयएनडी-एमएच किंवा गुजरातचं आयएनडी-जीजे रंगवायला किती वेळ लागतो? मी जाळी बघतो. मासेमारीची बोट आणि जाळं कोरडं ठणठणीत, परतीची वेळ असून मागे एकही पक्षी नाही, बर्फ नाही, वास नाही, दोर टाकणाऱ्याला गाठ येत नाही, माल नसताना बोट पाण्यात खाली बसलेली. यातलं एक असेल तर काही नसेलही. दोन-तीन एकत्र दिसली की फोन उचलायचा. १०९३ सागरी पोलिसांचा, १५५४ तटरक्षक दलाचा. ठिकाण, वेळ, दिशा, माणसं किती. पाहिलं तेवढंच सांगायचं, आपला अंदाज त्यात मिसळायचा नाही.

एक प्रसंग सांगतो. २०१६च्या थंडीत, रात्री साडेनऊच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी एक ट्रॉलर उभा दिसला. दिवे नाहीत. वाडीतली पोरं काठ्या घेऊन होडी ढकलायला निघाली, खरं सांगतो, मीही त्यांत होतो. आमच्यातला एक म्हातारा खलाशी वाटेत आडवा झाला. म्हणाला, "आधी फोन कर, मग काय ते." मी फोन केला. दोनदा कोणी उचलला नाही, तिसऱ्यांदा लागला, आणि गस्तीची बोट यायला तीन तास गेले. त्या तीन तासांचा राग मला अजून आहे आणि पुढच्या बैठकीत मी तो उभा राहून बोलून दाखवला. तूही असं काही झालं तर बोल. पण ट्रॉलरवर निघाले काय? गुजरातचे सहा खलाशी. इंजिन बंद, बॅटरी उतरलेली, सकाळपासून प्यायला पाणी नाही. आम्ही काठ्या घेऊन अंधारात त्यांच्यावर चढलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार केला की आजही पोटात गोळा येतो.

नेपाळी पोरांबद्दल. माहिती जरूर दे, आणि त्यांना समोर बसवून दे. नाव, गाव, घरचा फोन, ओळखपत्राची प्रत. तुला पाळत वाटते, पण समुद्रात होडी उलटली तर घरी कोणाला कळवायचं हे त्याच कागदावरून समजतं. आमच्या बाजूला एकदा एक खलाशी बुडाला. सगळे त्याला एका टोपणनावानं हाक मारायचे. त्याचं पूर्ण नाव नाखव्याला, म्हणजे होडीच्या मालकालाही माहीत नव्हतं, आणि आईबापापर्यंत निरोप पोचायला नऊ दिवस लागले. आता मी कोणालाही कागदाशिवाय होडीवर घेत नाही, गाववाल्यालासुद्धा नाही. नियम सगळ्यांना सारखा ठेवलास की कोणाला टोचणार नाही.

निवृत्त हवालदार

वर तांडेलांनी लिहिलंय त्याला माझा दुजोरा. कायद्याचं थोडं सांगतो, कारण इथेच नवी मुलं चुकतात.

दलाचं ओळखपत्र म्हणजे पोलिसाचे अधिकार नव्हेत. झडती घेता येत नाही, कोणाचे कागद जप्त करता येत नाहीत, कोणाला बांधून ठेवता येत नाही. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा तुमच्या डोळ्यांसमोर घडला तर कोणाही नागरिकाला आरोपीला धरता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तेच सांगतं. पण विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसता संशय आला म्हणून हा अधिकार मिळत नाही.

वाहून आलेल्या पाकिटाला हात लावू नका. उचलून घरी नेलं की अमली पदार्थ तुमच्या ताब्यात, मग खुलासे करत बसावं लागतं. लांब उभं राहा, पोरं आणि कुत्री दूर ठेवा, भरतीची रेषा वर येत असेल तर तेही फोनवर सांगा म्हणजे माणसं वेळेत निघतील. पत्र्याचे नळकांडे, पिंप, बंद डबे, सगळ्याला हाच नियम. काही वस्तूंमध्ये पाण्यात पेटणारं रसायन असतं.

आणि अफवा. १ जुलै २०१८ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच माणसं ठेचून मारली. ती भिक्षा मागणारी डवरी गोसावी समाजाची माणसं होती. गावाचं रक्षण करतोय असंच त्या जमावाला वाटत होतं. मी नोकरीत असताना दलाच्या प्रत्येक बैठकीत हे सांगायचो आणि काही पोरांना ते आवडायचं नाही. तरी सांगायचो.

बाजारवाली ताई

मी मासे विकते, हरिहरेश्वरच्या अलीकडे आमचं गाव. १८ ऑगस्ट २०२२ला ती मोडकी बोट लागली आणि आत तीन एके-४७ सापडल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती. ज्यांना बोट आधी दिसली ती इथलीच माणसं. पोलीस पोचायच्या आधी फोटो फिरायला लागले. दुपारपर्यंत माझ्या फोनवर अतिरेकी उतरले, शाळा बंद, अमुक वाडीत लपलेत, असं सगळं येऊन गेलं. बोट कोणाची ते पुढे सरकारनं सांगितलं. ऑस्ट्रेलियन बाईची नौका, मस्कतहून युरोपला जाताना इंजिन बंद पडलं, माणसांना दुसऱ्या जहाजानं वाचवलं, आणि नौका लाटांवर वाहत इथे आली. पण त्या संध्याकाळी माझ्या सासूबाईंनी दाराला आतून पाट लावला होता. पुळणकाठ दादा, फोटो काढलास तर तो पोलिसांनाच पाठव. गावच्या ग्रुपवर नको.

आणखी एक. ऐन पावसाळ्यात आधी मासेमारीबंदीमुळे आणि ऑगस्टात बंदी उठली तरी खवळलेल्या समुद्रामुळे बऱ्याच होड्या वर ओढलेल्या असतात, तांडेल लोक जाळी विणत घरी बसतात, आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे असतो. ती बोट ऑगस्टमध्ये आली, ती पाकिटंही ऑगस्टमध्ये. त्या दिवसांत पुळणीवर पहाटे कोण असतं? शिंपल्या वेचणाऱ्या बायका. आमच्या गावातल्या बैठकीला एकही बाई बोलावली नव्हती. लिलावात कुठल्या होडीचा माल किती आला आणि कुठली होडी तीन दिवस रिकामी येऊनही नाखवा खुशीत आहे, हे आम्हाला आधी कळतं. तुझ्या गावच्या बैठकीत हे बोल. तुझ्या आईलाच घेऊन जा.

पुळणकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं आईला वाचून दाखवलं. नऊ दिवसांचं ऐकून ती उठून गेली आणि थोड्या वेळानं आमच्या दोघा खलाशांना हाक मारून घरचे नंबर विचारू लागली. एकाचा नंबर चार वर्षांपूर्वीचाच आमच्याकडे होता, तो बदललाय. वहीत लिहून ठेवलं.

एक विचारायचं राहिलं. गस्तीत काही दुखापत झाली तर?

जुना तांडेल

दलाकडून मला आजवर एक रुपया मिळालेला नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नकोस. पण तू मच्छीमार आहेस. मत्स्य संपदा योजनेतला मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख, अंशतः असेल तर अडीच लाख. तुझं, काकांचं नाव त्यात आहे का ते मत्स्य खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे जाऊन बघ. नसेल तर आधी ते कर, मग दलाचा फॉर्म भर.

आणि गस्तीला एकट्यानं कधीच जायचं नाही. दोघं तरी हवेत, एकाचा फोन पूर्ण चार्ज, दोघांच्या पायात बूट. आमावस्येच्या उधाणाला पुळण कुठे संपते ते कळत नाही, सुरूच्या बनाकडूनच चालायचं. बॅटरी समुद्राकडे रोखायची नाही, बाहेरच्या होडीला तो इशारा वाटतो आणि ती खडकावर येते. आमच्याकडे तसं झालंय.

बाजारवाली ताई

आई बैठकीला येणार का, ते कळव.

पुळणकाठ

येणार आहे. शेजारच्या दोघींनाही सांगितलंय तिनं. पुढची बैठक शुक्रवारी संध्याकाळी पाचला आहे, पण तेव्हा लिलाव असतो. वेळ सहाची करा म्हणून आज सकाळीच पोलीस पाटलांना फोन केला.