मदत हवी आहे : नाशिकहून एका दिवसात होणारा वळणावळणाचा रस्ता सुचवा

वळणदार (धागाकर्ता)
शनिवारी बाईक काढायची आहे. मला रस्ता हवा आहे, ठिकाण नको. धबधबा, पॉइंट, मंदिर, धरण यांच्या याद्या कुठेही मिळतात. सलग वळणं, दोन्ही बाजूंना हिरवळ, बऱ्यापैकी डांबर आणि कमी गर्दी, एवढंच. सकाळी निघून अंधार पडायच्या आत घरी. त्र्यंबक रोड रोजच्या पायाखालचा आहे आणि कसारा घाट ट्रकांमुळे नको. लवकर सांगा, आज रात्री ठरवायचं आहे.

घाटवाट
गाडी कोणती? मागे कोणी बसणार आहे का? घाटात चालवायची सवय किती? हे कळल्याशिवाय काय सुचवणार? शंभर सीसीवर डबलसीट जाणाऱ्याला आणि मोठ्या गाडीवर एकट्याने जाणाऱ्याला एकच घाट वेगवेगळा लागतो.

दिंडोरीरोड
सापुतारा. दुसरा विचारच करू नका. दिंडोरी, वणी, बोरगाव करत जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण सापुताऱ्याला थांबू नका, बहुतेक लोक तिथेच तलावाशी गाडी लावतात आणि परत फिरतात. खरी वळणं त्याच्या पुढे, शामगहानकडे उतरताना आहेत. रस्ता रुंद आहे, वळणांना चांगला उतार दिलाय, गाडी आपसूक आत झुकते. तिथून वघईपर्यंत डांगचं सागाचं जंगल. वघईच्या अलीकडे-पलीकडे अंबिका नदीवर गिरा धबधबा आहे, तोही बघून घ्या.

वळणदार
धबधबा नको म्हटलं होतं. गाडी साडेतीनशे सीसी, मागे कोणी नाही. दोन गाड्या आहेत.

अनघा_नाशिकरोड
दुसरी गाडी कोण चालवणार?

एसटीचा_सोबती
सापुतारा चांगलंच आहे, पण या शनिवारी नको. घटस्थापना तोंडावर आली आहे. वणीच्या सप्तशृंगी गडावरून ज्योत घेऊन पळणारी मुलं रस्त्यावर असतात. अनवाणी, पाळीपाळीने मशाल हातात घेणारी, मागे टेम्पोत उरलेली मंडळी आणि डीजे. कळवण, देवळा, मालेगाव, पार खानदेशापर्यंत ज्योती जातात, आणि दिंडोरी-वणी मार्गे नाशिककडे येणाऱ्याही कमी नाहीत. एका वळणाआड असा घोळका असला तर तुम्ही कितीही चांगले चालवत असलात तरी उपयोग नाही. नवरात्र सुरू झालं की नांदुरी ते गड खासगी वाहनांना बंदीच असते, एसटीने जावं लागतं. पायी जाणारे भाविक तर दिवसरात्र. त्यांचा रस्ता त्यांना द्यावा. वळणं पुढच्या महिन्यातही तिथेच राहणार आहेत.

दिंडोरीरोड
पहाटे पाचला निघालात तर गर्दीच्या आधी वणी पार होते. मी नेहमी तसंच करतो.

एसटीचा_सोबती
ज्योती पहाटेच जास्त असतात, उन्हाच्या आधी. शिवाय टोमॅटोचा हंगाम आहे. कॅरेट भरलेल्या पिकअप पिंपळगावचा लिलाव गाठायला कशा धावतात हे दिंडोरी रोडवर राहणाऱ्याने तरी सांगायला नको.

पुणेरी_सह्याद्री
ताम्हिणीसारखा रस्ता महाराष्ट्रात नाही. मुळशीपासून खाली विळ्यापर्यंत. नंतर वेळ असेल तर वरंधा. एकदा करून पाहा, बाकी सगळे घाट विसराल.

वळणदार
नाशिकहून एका दिवसात?

पुणेरी_सह्याद्री
एक मुक्काम पुण्यात करा. ताम्हिणीसाठी तेवढं करावंच.

जुनी_बुलेट
पेठ रोड घ्या. सावळघाट आणि कोटंबी घाट, दोन्ही एकाच रस्त्यावर. राष्ट्रीय महामार्ग असल्यामुळे रुंदी चांगली, वळणं मोठी, पुढचं दिसतं. पेठपर्यंत पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथे चहा घ्यायचा आणि त्याच रस्त्याने परत. चढताना जे वळण कळत नाही ते उतरताना कळतं, म्हणून मला जाऊन-येऊन तोच रस्ता आवडतो. लोक उगीच गोल फेऱ्यांच्या मागे लागतात.

घाटवाट
काका, पेठ रोडला वापी-सिल्वासाकडचे कंटेनर असतात. सावळघाटात एक बंद पडला की मागे रांग. कसारा ट्रकांमुळे नको म्हणणाऱ्याला पेठ रोड कसा चालेल? आणि चढावर ट्रकचं डिझेल सांडतं ते वेगळं. पहिल्या पावसात किंवा दव पडल्यावर त्यावरून चाक सरकलं की सावरायला वेळ मिळत नाही.

जुनी_बुलेट
डिझेल सगळीकडे सांडतं. डोळे उघडे ठेवून चालवलं तर दिसतं, इंद्रधनुष्यासारखा पट्टा असतो, वासही येतो. शनिवारी सकाळी नऊच्या आत घाट चढून गेलात तर कंटेनरचा त्रास कमी. मी हा रस्ता एकेरी असल्यापासून चालवतोय.

मोखाड्याहून
गोल फेरी हवी असेल तर ही बघा. नाशिक, त्र्यंबक, आंबोली, तोरंगण घाट, मोखाडा, खोडाळा, विहिगाव, कसारा आणि इगतपुरीवरून परत. पावणेदोनशे-दोनशेच्या आसपास होतं. त्र्यंबकपर्यंतचा रस्ता तुमचा रोजचा आहे, पण आंबोली गेल्यावर सगळं बदलतं. तोरंगणला पठार संपतं आणि रस्ता एकदम पालघर जिल्ह्यात उतरायला लागतो. मोखाडा ते खोडाळा ते विहिगाव हा तर वळणांचाच रस्ता आहे. अरुंद, पण वाहनं तुरळक. या दिवसांत उतारांवर नागली-वरई उभी असते, मधूनमधून भाताची खाचरं. एक सरळ तुकडा पाव किलोमीटरचा मिळाला तर नशीब.

वळणदार
हे हवं होतं! पण शेवटी कसारा घाट येतोच ना?

मोखाड्याहून
येतो, पण तुम्ही फक्त चढणार. तिथे जायचा आणि यायचा घाट वेगळा आहे, समोरून काही येत नाही. डाव्या बाजूने ट्रक रांगत असतात, त्यांच्या मागे लटकू नका, जागा बघून पुढे जा.

भंडारदरा_भक्त
घोटीवरून भंडारदरा का नको? बारी गावापाशी कळसूबाई डोक्यावर, १६४६ मीटर. धरणाला वळसा घालून रतनवाडी, साम्रद, घाटघर. रंधा धबधबा पण याच वेळी भरून वाहतो. घाटघरचा कोकणकडा तर पाहायलाच हवा. टेंट लावून राहायची सोयही होते.

वळणदार
राहायचं नाही, धबधबा नको. आणि धरणाच्या मागच्या रस्त्याला सध्या खड्डे किती आहेत हे कोणी सांगेल का? मेहुण्याची कंबर धड नाही.

अनघा_नाशिकरोड
म्हणजे दुसऱ्या गाडीवर मेहुणे. त्यांना घाटाची सवय आहे?

वळणदार
तो नागपूरचा. रेल्वेने येतोय, माझ्या भावाची गाडी घेईल. गाडी उत्तम चालवतो, रोज चालवतो. घाट नाही केला कधी, पण त्यात काय एवढं?

घाटवाट
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. गडी नवा, गाडी परकी, घाट पहिलाच. मोखाडा-विहिगावची फेरी बाजूला ठेवा.

मोखाड्याहून
सहमत. मी सुचवली ती फेरी तुमच्या एकट्यासाठी होती. खोडाळ्याच्या आसपास मोबाईलला रेंज जाते-येते. तिथे काही झालं तर मदत यायला वेळ लागतो.

अनघा_नाशिकरोड
"त्यात काय एवढं" याचं नीट उत्तर देते, कारण सपाटीवर वर्षानुवर्षं चालवलेल्या माणसालाच घाट जास्त फसवतो. त्याचा हात वेगाला सरावलेला असतो, वळणाला नाही.

उजवं वळण घ्या. आपण डावीकडून चालतो. गाडी झुकली की चाकं आपल्या बाजूला राहतात, पण डोकं आणि उजवा खांदा मधल्या पट्ट्याच्या पलीकडे जातो. त्याच वेळी समोरून एसटी येते. तिची लांबी जास्त, त्यामुळे घाटात ती वळणाला थोडी आपल्या बाजूला येणारच, चालकाचा त्यात दोष नाही. नवा माणूस मधला पट्टा धरून चालतो कारण तिथे डांबर सगळ्यात स्वच्छ असतं. त्यांना सांगा, आंधळ्या उजव्या वळणावर आपल्या लेनच्या डाव्या अर्ध्यात राहा. डाव्या वळणावर उलट, आतल्या कडेला खडी आणि लाल माती वाहून आलेली असते, तिथे फार आत शिरू नका.

दुसरं, वेग वळणाच्या आधी कमी करायचा. गिअर आधी पाडायचा आणि वळणात थ्रॉटल हलका, एकसारखा. वळणात शिरल्यावर घाबरून पुढचा ब्रेक दाबला की गाडी उभी राहते आणि सरळ दरीकडे किंवा समोरच्या लेनमध्ये जाते. तिसरं, नजर. ज्या खड्ड्याकडे बघाल त्यातच चाक जातं, म्हणून वळण जिथे संपतं तिथे बघायचं.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं तरी झाडांच्या सावलीतलं डांबर दुपारपर्यंत ओलं असतं, कडेला शेवाळ. उन्हातून एकदम सावलीत शिरताना ते दिसत नाही.

जुनी_बुलेट
बाकी सगळं पटलं. उतारावर मागचा ब्रेक सतत हलका धरून ठेवायचा हेही सांगा.

अनघा_नाशिकरोड
नाही, तेच सांगणार नाही. सतत धरला की तापतो आणि तळाशी पोचेपर्यंत ढिला पडतो. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिन गाडी धरतं. ब्रेक लागेल तेव्हा दोन्ही, थोडा वेळ, मग सोडायचा.

जुनी_बुलेट
ड्रम ब्रेकवर आमची हयात गेली, काही झालं नाही.

घाटवाट
काका, तुम्हाला तुमची गाडी माहीत आहे. पाहुण्याला भावाच्या गाडीचा क्लच कुठे सुटतो हेही माहीत नाही.

टॉपबॉक्स
मेहुणे नागपूरहून येताहेत तर स्वतःची गाडी घेऊन समृद्धीवरून का येत नाहीत? सहा-सात तासांत पोचतील.

एसटीचा_सोबती
समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. दुचाकीने यायचं तर अमरावती, अकोला, जळगाव, धुळे करत यावं लागेल, आणि एवढं चालवून आल्यावर लगेच घाट नकोच.

टॉपबॉक्स
हे माहीत नव्हतं. मग मुंबईला गाडीने जायचं तर जुना आग्रा रोडच?

एसटीचा_सोबती
दुचाकीला तोच.

वळणदार
माझ्या धाग्यावर या. दोघांना जमेल असा रस्ता कोणता? पहिने-वैतरणा-घोटी कसा आहे?

घाटवाट
पहिने शनिवारी टाळा. पाऊस ओसरला तरी मुंबई-नाशिकची मंडळी रस्त्यातच गाड्या लावून फोटो काढतात. वळणाच्या तोंडाशी उघडलेलं गाडीचं दार मी तिथे पाहिलेलं आहे. तुमच्यासाठी गिरणारे-वाघेरा घाट-हरसूल. गंगापूर धरणाच्या बाजूने गिरणारे, तिथून पुढे वाघेरा किल्ल्याखालचा घाट. घाट लांब नाही आणि सरावाला तेच बरं. मेहुण्यांना एकदा चढवा-उतरवा. हात बसला तर पुढे हरसूल करून त्र्यंबकवरून परत. नाही बसला तर गिरणाऱ्याहून अर्ध्या-पाऊण तासात घरी. पाड्यांजवळ वळणावर गुरं बसलेली असतात आणि शेणाने रस्ता निसरडा होतो, एवढं सांभाळा.

अनघा_नाशिकरोड
वाघेरा योग्य. निघताना तुम्ही पुढे राहू नका. नव्या माणसाला पुढे ठेवा, तो त्याच्या वेगाने जाईल. तुम्ही पुढे असलात तर तुम्हाला गाठायच्या नादात तो न झेपणाऱ्या वेगाने वळणात शिरेल. आणि शुक्रवारी संध्याकाळी भावाची गाडी त्यांना शहरात फिरवू द्या. टायरची हवा, चेनचा ताण, ब्रेकचं तेल तेव्हाच बघून घ्या.

गावठी_मिसळ
गिरणारे रोडला चुलीवरची मिसळ मिळते, सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते. काळा रस्सा मागून घ्या.

वळणदार
मिसळ जाताना. ठरलं, वाघेरा-हरसूल. शनिवारी सकाळी सहाला निघतो. गंगापूर रोडने सावरगावपर्यंत वायनरीच्या गाड्यांची गर्दी सकाळी नसते ना?

घाटवाट
सकाळी नाही. दुपारनंतर शनिवारी खूप असते, म्हणून त्र्यंबकवरून परत या असं म्हटलं. तिकडे सिंहस्थाची कामं चालू आहेत, कुठे रस्ता खोदलेला असेल, तो शेवटचा तुकडा सावकाश घ्या.

मोखाड्याहून
आणि मेहुणे नागपूरला गेले की तोरंगण-खोडाळ्याला एकटे या. पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी. पेट्रोल नाशिकमध्येच भरा, सोबत पंक्चरचं किट ठेवा.

स्कूटरवाली
माझ्याकडे १२५ सीसी स्कूटर आहे, आईला मागे बसवून वाघेरा घाट होईल का? हरसूलला मावशी राहते.

अनघा_नाशिकरोड
चढायला होईल, सावकाश. उतरताना स्कूटरला इंजिनचा आधार फार कमी, सगळा भार ब्रेकवर येतो, म्हणून मध्ये थांबून ब्रेक गार होऊ द्या. आईंनाही हेल्मेट हवंच.