काचेत पाणी ठेवणं म्हणजे दिखावा नाही

ओंजळ:
परवा एकांनी लिहिलेलं वाचलं. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं, की काचेच्या बाटलीतून पाणी पिणं हा निव्वळ दिखावा आहे, पेट बाटलीत, म्हणजे दुकानात पाण्याची मिळते त्या पातळ प्लास्टिकच्या बाटलीत, बीपीए (शरीरातल्या हार्मोन्सशी खेळणारं रसायन) नसतंच, तेव्हा लोकांना घाबरवणं बंद करा. दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

पेटमध्ये बीपीए नसतं, बरोबर. ते पॉलिकार्बोनेटमध्ये असतं, काचेसारखं दिसणारं ते कडक प्लास्टिक, ज्याचे मोठे जार येतात. पण एक रसायन नाही म्हणून सगळंच स्वच्छ, हा कुठला हिशोब? पेट बनवताना अँटिमनी या धातूसारख्या मूलद्रव्याचं संयुग वापरतात, त्याचा अंश बाटलीत राहतो आणि बाटली तापली की तो पाण्यात उतरायचं प्रमाण वाढतं. आणि आपण काय करतो, तर भर उन्हात बंद गाडीत पडलेली बाटली संध्याकाळी तशीच तोंडाला लावतो. २०२४ च्या जानेवारीत कोलंबिया आणि रटगर्स विद्यापीठांच्या संशोधकांनी बाटलीबंद पाण्यातले प्लास्टिकचे कण मोजले, लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार निघाले, त्यातले ९० टक्के नॅनोप्लास्टिक, म्हणजे एक मायक्रोमीटरहूनही बारीक कण. आणि पुन्हा पुन्हा भरायच्या मऊ बाटल्या? कोपनहेगन विद्यापीठाने २०२२ मध्ये अशा बाटल्यांत नळाचं पाणी २४ तास ठेवलं, तर त्यात प्लास्टिकमधली ४०० हून जास्त संयुगं सापडली, आणि बाटली डिशवॉशरमधून काढलेली असेल तर साबणातली ३,५०० वेगळी.

माझं सांगते. वडील आजारी होते तेव्हा एका प्लास्टिकच्या बाटलीत रोज ओआरएस कालवायचो. ते बरे झाल्यावर मी ती बाटली गरम पाणी, साबण, सोडा, सगळं करून धुतली, उपडी ठेवून वाळवली, तरी झाकण उघडलं की तोच वास. मुरलं ते मुरलं. काच असं काही मुरवून घेत नाही. तेव्हापासून घरात नि कामाच्या टेबलावर काचेचीच बाटली. यात दिखावा कुठे आला ते मला कुणीतरी समजावून सांगा.

दोघांची आई:
मी सांगते. काचेची बाटली ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांनी वापरावी आणि खुशाल लेख लिहावेत. माझ्या धाकट्याच्या हातून काचेची बाटली सुटली, मी धावत जाईपर्यंत तो तिच्यावर पाय देऊन मोकळा. तळव्याला चार टाके. आणि नंतर आठवडाभर कपाटाखालून, पायपुसण्यातून तुकडे निघत होते, प्रत्येक वेळी पोटात गोळा. तुम्ही म्हणता ते कण असतील, मी नाही म्हणत नाही, पण मला माझ्या डोळ्यांना दिसलेला धोका कोणता ते मी विसरू शकत नाही. मुलांच्या दप्तरात काच घालणार नाही म्हणजे नाही.

साचा आणि भट्टी:
वीस वर्षं पॅकेजिंगमध्ये काढली आहेत म्हणून बोलतो. ओंजळताई, तुम्ही आकडे दिलेत ते बरोबर आहेत पण अर्धेच दिलेत. कोलंबियाच्या त्याच अभ्यासात पेटपेक्षा पॉलिअमाइडचे, म्हणजे नायलॉनच्या जातीचे कण जास्त होते, आणि ते बहुधा पाणी गाळायच्या फिल्टरमधून येत असावेत असं खुद्द संशोधकांचंच म्हणणं आहे. म्हणजे बाटली बदलून ते जाणार नाहीत. दुसरं, २ लाख ४० हजार हा आकडा मोठा वाटतो कारण कण अतिसूक्ष्म आहेत, वजन किती भरलं ते कोणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात माणसाच्या तब्येतीवर परिणाम ठरवायला पुरेशी माहिती नाही असंच म्हटलंय. अँटिमनीचंही तेच, साध्या तापमानाला ते मर्यादेच्या खूप खाली असतं.

आणि तुमच्या काचेचं? फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने, आन्सेसने, २०२५ मध्ये तपासलं तर काचेच्या बाटल्यांतल्या पेयांत प्लास्टिकच्या बाटल्यांपेक्षा जास्त मायक्रोप्लास्टिक, म्हणजे नॅनोपेक्षा मोठे कण, निघाले. पाण्यात लिटरला काचेत ४.५ कण आणि प्लास्टिकमध्ये १.६. काच वितळवायला १,५०० अंशांच्या आसपास भट्टी पेटती ठेवावी लागते, बाटली कित्येक पट जड, वाहतुकीचं इंधन वेगळं. एकदा वापरून फेकायची काचेची बाटली पर्यावरणाला पेटपेक्षा महागच पडते.

ओंजळ:
दादा, आन्सेसचा अभ्यास मीही वाचलाय आणि तुम्ही पण अर्धाच सांगताय. ते कण काचेचे नव्हते, झाकणाच्या बाहेरच्या रंगाचे होते. झाकणं साठवताना एकमेकांवर घासतात, रंग खरवडला जातो आणि तो बाटलीत पडतो. झाकणावर हवा मारून ती धुवून घेतली तर कण ६० टक्क्यांनी कमी झाले हेही त्यातच आहे. मी दुकानातल्या सीलबंद बाटलीबद्दल बोलतच नाहीये, मी घरी भरायच्या बाटलीबद्दल बोलतेय, जी मी सहा वर्षं वापरतेय. फेकायच्या काचेबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण फेकायला सांगितलंय कुणी? आणि "पुरेशी माहिती नाही" याचा अर्थ "धोका नाही" असा होत नाही, वीस वर्षं त्या धंद्यात काढलेल्या माणसाने तरी ही गल्लत करू नये.

स्वच्छ पाणी:
तुम्ही दोघं कणांवर भांडताय पण झाकणाचा विषय निघालाच आहे तर विचारते, तुमच्या त्या काचेच्या बाटलीच्या झाकणात जो सिलिकॉनचा वायसर असतो तो शेवटचा कधी काढला होता? काचेची असो, स्टीलची असो नाहीतर प्लास्टिकची. मी बहिणीकडे गेले होते, तिची बाटली आरशासारखी लख्ख, सहज म्हणून सुईने वायसर उचलला तर खाली काळी बुरशी आणि चिकट थर. ती रोज त्यातून पाणी पीत होती, महिनोनमहिने. सगळे बाटली धुतात, झाकण कोणी धुत नाही.

आडवाटेचा:
वायसर काढला की परत नीट बसत नाही, मग बाटली गळते आणि पिशवी ओली. माझी सगळी कागदपत्रं भिजली होती एकदा. त्यापेक्षा ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करून झाकण त्यात रात्रभर ठेवायचं, काढायची गरजच नाही.

साचा आणि भट्टी:
थांबा!! ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद मोरीत केलंत तर श्वास कोंडेल. कृपया ते वरचं काढून टाका, कोणीतरी वाचून करेल.

आडवाटेचा:
मी दोनदा केलंय, काही झालं नाही. प्रत्येक गोष्टीत भीती घालायची सवय आहे इथे लोकांना.

स्वच्छ पाणी:
अहो काही झालं नाही हे तुमचं नशीब! तुमच्या नशिबावर दुसऱ्याने का भरवसा ठेवायचा? सांगते कसं करायचं ते. वायसर बोथट वस्तूने उचला, सुरीने नको, काप गेला की मग गळतोच. गरम पाण्यात भांड्याचा साबण घालून भिजवा, जुन्या टूथब्रशने खाच घासा, आणि मुख्य म्हणजे दोन्ही पूर्ण कोरडं झाल्यावरच परत बसवा. ओलाच बसवला तर चार दिवसांत पुन्हा तेच. वायसर बसवताना उलटा बसतो म्हणूनही गळते बाटली, एक बाजू चपटी असते ती बघायची.

जुनी पायरी:
आणि हे सगळं करायचं कुणी? मला बोलायचंय यावर. घरात चार माणसं, चार बाटल्या, चौघांची चार झाकणं, आणि संध्याकाळी सगळ्या माझ्या ओट्यावर रांगेने उभ्या. पर्यावरण, आरोग्य, काच, स्टील, सगळ्यावर घरातले पुरुष तासभर बोलतील पण अरुंद तोंडाच्या बाटलीत ब्रश घालून तळ घासायला कुणी येत नाही. काच आणली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. माझी मनगटं दुखतात, संधिवात आहे, रिकामी बाटलीच अर्धा किलोची, वर लिटरभर पाणी, ओला हात, आणि फुटली की बोलणी मलाच. मी सरळ हलकी प्लास्टिकची वापरते आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आडवाटेचा:
आता यात बायका-पुरुष कुठून आणलं? मी माझी बाटली स्वतः धुतो.

जुनी पायरी:
धुत असाल तर तुम्हाला नाही म्हटलं. जे धुत नाहीत ते इथे गप्प बसलेत बघा.

दोघांची आई:
जुनी पायरी, अगदी मनातलं बोललात. आमच्याकडेही हेच.

काचकाम:
एक दुरुस्ती सांगून जातो, कारण वर कोणीतरी गरम पाण्याने धुवायचं लिहिलंय. साध्या काचेच्या बाटलीत एकदम उकळतं पाणी ओतू नका, तडकेल. बोरोसिलिकेट, म्हणजे बोरॉन घातलेली काच असेल तर चालतं, तिचं प्रसरण साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश असतं म्हणून ती तापमानाचा झटका सोसते. ही काच १९ व्या शतकाच्या शेवटी ऑटो शॉटने जर्मनीत तयार केली, प्रयोगशाळेतली भांडी तिचीच. पण लोक समजतात ती पडली तरी फुटत नाही, तसं अजिबात नाही, उष्णता सोसते, फरशी नाही. आणि फुटली तर ती बाटल्यांच्या काचेच्या रद्दीत टाकू नका, तिचा वितळायचा बिंदू वेगळा, सगळा घाणा बिघडतो. काच कितीही वेळा वितळवता येते म्हणून कौतुक करणारे हे कधीच सांगत नाहीत.

ओंजळ:
हे मला माहीत नव्हतं. माझी बोरोसिलिकेटच आहे.

जुनी पायरी, तुमचं वाचून वाईट वाटलं. मनगट दुखत असताना काच उचला असं मी कोणालाच म्हणणार नाही, माझं भांडण त्या "दिखावा" शब्दाशी होतं. पण प्लास्टिकच वापरायची तर निदान ती गरम पाण्याने भरू नका, उन्हात ठेवू नका, आणि आतून खरवडली, पांढुरकी झाली की बदला, एवढं तरी करा. पातळ स्टीलची मिळाली तर काचेपेक्षा हलकी असते, तीही बघा. आणि मुलांच्या दप्तराबद्दल दोघांच्या आईचं बरोबर आहे, तिथे काच नकोच. मी मूळ लिहिताना हे लिहायला हवं होतं.

साचा आणि भट्टी:
सहा वर्षं एकच बाटली वापरली असेल तर भट्टीचा मुद्दा मी तुमच्यापुरता मागे घेतो. तुमच्यापुरताच. बहुतेक लोक तीन महिन्यांत फोडतात आणि नवी आणतात, त्यांचं गणित माझ्याच बाजूने बसतं. आरोग्याबद्दल माझं मत तेच आहे, पुरावा येईपर्यंत घबराट नको. गाडीतल्या तापलेल्या बाटलीचं मात्र मान्य, ते मी घरातही सगळ्यांना सांगतो.

ओंजळ:
म्हणजे घरी सांगता आणि इथे भांडता.

साचा आणि भट्टी:
तापलेली बाटली आणि ओट्यावरची बाटली यात फरक आहे ताई, तोच तर सांगतोय मघापासून.

दोघांची आई:
आत्ता उठून दोन्ही मुलांच्या बाटल्यांचे वायसर काढले. मोठ्याचा ठीक आहे. धाकट्याच्या नळीच्या तोंडाशी, ते दाताने चावतो ना तिथे, आतून काळं आहे, आणि ही बाटली मी रोज साबणाने धुते. रडायला आलं मला. नळीच्या आत ब्रश जात नाही, ती कशी साफ करायची कोणी सांगेल का?

स्वच्छ पाणी:
काळी झालेली नळी साफ करत बसू नका, टाकून द्या. उद्यापासून नळी नसलेली, रुंद तोंडाची बाटली द्या, ज्यात तुमचा हात आत जातो अशी. स्टीलची दिलीत तरी झाकण तेवढं बघून घ्या.