पावसाळी डोंगरभटकंतीत आणीबाणीसाठी आग पेटवण्याचे कोणते साधन जवळ बाळगावे?

परळीखोरे (सातारा) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यातील काही जण ठोसेघर, चाळकेवाडी, यवतेश्वर या बाजूच्या डोंगरांत नेमाने फिरतो. यंदा आमच्यात कॉलेजची मुले आहेत, तसेच साठी ओलांडलेली मंडळीही आहेत. त्यामुळे वाट चुकून किंवा कुणाचा पाय मुरगळून रात्र उघड्यावर काढायची वेळ आलीच, तर ऊब मिळवण्याची आणि शोधायला येणाऱ्यांना आपला ठावठिकाणा कळवण्याची सोय सोबत असलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. आजवर आम्ही काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेत आलो आहोत. पण पठारावर आडवा पाऊस लागला की ती पिशवी उघडणेसुद्धा जिकिरीचे होते. बाजारात फेरो रॉड (खरवडल्यावर ठिणग्या पाडणारी धातूची कांडी), मॅग्नेशियमची वडी (जिचा कीस काढून पेटवतात), जेट लायटर (जोरदार झोताच्या ज्योतीचा) असे पर्याय दिसतात. यांपैकी भरवशाचे कोणते आणि का, हे जाणकारांनी सांगावे.

कृष्णाकाठ (सांगली)

माझे मत स्पष्ट आहे: पहिले साधन म्हणून पानपट्टीवर मिळणारा साधा, चाकाचा गॅस लायटरच घ्यावा, आणि तोही पारदर्शक, म्हणजे आत गॅस किती उरला आहे हे निघण्यापूर्वीच दिसते. ठिणगी क्षणभर टिकते आणि तिला अगदी बारीक, कोरडे, पिंजलेले काहीतरी लागते. ज्योत मात्र अर्धवट ओलसर काटकीलाही धरून ठेवता येते, ती काटकी आधी सुकते आणि मग पेटते. बोटे गारठून थरथरू लागल्यावर हा फरक फार मोठा ठरतो. लायटर भिजला तर पाणी झटकावे, चाकावर जोरात फुंकर मारावी आणि ते कोरड्या कापडावर काही वेळ फिरवावे. बहुतेक वेळा ठिणगी परत येते.

जेट लायटर वाऱ्यात उत्तम चालतो, हे खरे. परंतु त्याची ठिणगी दाबाने निर्माण होणाऱ्या विजेची असते आणि दमट हवेत ती दगा देऊ शकते, शिवाय तो गॅसही भराभर संपवतो. एकमेव साधन म्हणून मी तो सुचवणार नाही. ब्युटेन सुमारे −0.5 अंश सेल्सियसला उकळतो, त्याखाली त्याची वाफच नीट होत नाही. आपल्या घाटांत याची चिंता नाही. हिमालयात जाणार असाल तर लायटर आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा.

काडेपेटीबद्दल एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सेफ्टी काडीचा तांबडा फॉस्फरस काडीच्या डोक्यात नसून पेटीच्या कडेच्या पट्टीवर असतो. पट्टी भिजली की कोरड्या काड्यासुद्धा निरुपयोगी ठरतात, म्हणून काड्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवताना पट्टीचा तुकडाही आतच टाकावा.

कारवीचे रान (पाटण)

दादांशी मी सहमत आहे, पण जोडीला फेरो रॉड हवाच. लायटरमध्ये गॅस असतो. तो गळतो, सॅकमध्ये बटण दाबले जाऊन निघून जातो, उन्हात बंद गाडीत ठेवला तर फुटण्याचाही धोका असतो. रॉडमध्ये बिघडण्यासारखे काही नाही. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी 1903 साली पेटंट घेतलेला हा लोखंड आणि सेरियमचा मिश्रधातू. लायटरच्या चाकाखालचा खडाही त्याचाच. खरवडलेले बारीक कण हवेत आपोआप पेट घेतात आणि त्यांचे तापमान 3000 अंशांच्या आसपास जाते. पोलाद-गारगोटीच्या जुन्या चकमकीपेक्षा ही ठिणगी कितीतरी अधिक तापते. रॉड पाण्यात पडला तरी पुसून लगेच वापरता येतो.

घेताना बोटाएवढा जाड आणि लांब घ्यावा. किल्लीच्या जुडग्यात अडकवायचे पिटुकले तुकडे गार हातांत धरवत नाहीत. नव्या रॉडवरचा काळा लेप आधी खरवडून काढावा लागतो, नाहीतर ठिणग्याच पडत नाहीत आणि माणसाला वाटते की वस्तू खोटी निघाली. खरवडण्यासाठी हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याची पाठ फार छान चालते. रॉडचे टोक कापसावर टेकवावे, पाते जागीच स्थिर धरावे आणि रॉड मागे ओढावा. पाते पुढे ढकलले तर हात कापसावर आदळतो आणि मांडलेले सगळे विस्कटते. मॅग्नेशियमचा कीस वाऱ्यात उडून जातो, त्यामुळे आपल्या पठारांवर मला तो पर्याय पटत नाही.

मात्र साधनापेक्षा कोरडा कापूस महत्त्वाचा. व्हॅसलीन चोळलेल्या कापसाचे गोळे डबीत भरून ठेवावेत. पेटवताना गोळा फाडून आतले कोरडे तंतू वर काढले की ठिणगी लगेच धरते आणि गोळा काही मिनिटे जळत राहतो. सायकलच्या ट्यूबची पट्टी पावसातही जळते, फक्त ती पेटवायला ज्योत लागते. भीमसेनी कापूरही उत्तम, पण त्याची डबी घट्ट हवी, नाहीतर तो हवेत उडून जातो.

वनवाट (कराड)

एक कळकळीची विनंती. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. अभयारण्यात आग लावण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 30 नुसार बंदी आहे. फेब्रुवारीपासून पठारांवरचे गवत इतके वाळते की एका ठिणगीने वणवा डोंगर ओलांडतो, म्हणून त्या दिवसांत हे साधन पिशवीतच राहू द्यावे. पावसात कुणी गारठले तर आधी ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, त्याला वाऱ्याच्या आड बसवावे आणि रेंज मिळत असेल तर 112 वर फोन करावा, आग त्यानंतर. आणि तंबूच्या आत विस्तव कदापि ठेवू नये, त्याच्या धुरातील विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

परळीखोरे (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन लायटर वेगवेगळ्या व्यक्तींकडे, एक जाड रॉड आणि कापसाची डबी, असे ठरवतो. पाऊस सुरू झाला की अंगणात मुलांकडून रॉड वापरून घ्यायचा विचार आहे. तेव्हा ओल्या काटक्यांचे काय करायचे?

कारवीचे रान (पाटण)

जमिनीवर पडलेल्या काटक्या घेऊ नका, झाडावरच वाळून अडकलेल्या घ्या. मनगटाएवढे लाकूड कोयत्याने उभे फोडले की आतला गाभा बहुधा कोरडा निघतो. त्याच्या बारीक ढलप्या काढून कापसावर रचाव्यात, आणि जळण पुरेसे गोळा झाल्याखेरीज पहिली ठिणगी पाडू नये.